बाटली उघडू की ठेवू? : वाचकांचे प्रश्न, वाईनची उत्तरं

मागच्या अंकात फ्रान्समधल्या बोर्दो भागाच्या वाईनवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. निम्म्याहून जास्त पत्रांत फिरवून फिरवून एकच विचारलंय, की महागाची फ्रेंच रेड जुनी करायला ठेवायची तर ती ठेवण्यालायक आहे हे आत्ता कसं ओळखायचं. म्हणून पहिल्या पत्राला ऐसपैस उत्तर देते, बाकीच्यांना जमेल तसं.

प्रश्न : ताई, मुलगी बोर्दोला शिकायला आहे, दिवाळीत येताना तिने लेओव्हिल बार्तों २०१६ च्या दोन बाटल्या आणल्या. एक लगेच उघडली, घरात पाहुणे होते, मटण होतं. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी! हिरड्या आवळून आल्या. मुलगी म्हणते तिथल्या दुकानदाराने बजावलं होतं की अजून दहा-पंधरा वर्षं हात लावू नका. हे त्याला आत्तापासून कसं कळतं? की विकण्यासाठी काहीही सांगतात? – पुण्याहून एक वाचक

उत्तर : दुकानदाराने थापा मारलेल्या नाहीत. लेओव्हिल बार्तों ही जिरोंद नदीच्या डाव्या काठावरच्या सां-जुलियाँ गावची वाईन, बोर्दोच्या मळ्यांच्या १८५५ च्या प्रतवारीत दुसऱ्या वर्गात, मळा १८२६ पासून बार्तों घराण्याकडे, आणि हे घराणं मूळचं आयरिश बरं का. वाईनमध्ये बहुतांश कॅबरने सोव्हिन्यों. या द्राक्षाची साल जाड, दाणा लहान, म्हणजे रसाच्या मानाने साल-बी जास्त, आणि टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारं तुरट द्रव्य, येतं सालीतून आणि बियांतून. त्यात २०१६ चा उन्हाळा कोरडा गेला, सप्टेंबरात रात्री गार पडल्या, त्यामुळे त्या वर्षी डाव्या काठावर टॅनिन भरपूर आणि आंबटपणाही टिकून राहिलेला. अशी वाईन आत्ता तोंड वाकडं करायला लावते यात नवल नाही.

पण इथेच लोक फसतात. तुरट लागली म्हणजे टिकाऊ, असं अजिबात नाही. तुरटपणाला सोबत लागते, आणि ती सोबत आहे का हेच चाखून बघायचं असतं. ते कसं बघायचं ते सांगते. तुमची दुसरी बाटली यासाठी उघडू नका, तो मान पुढे कधीतरी, पण पुढच्या वेळी कुठलीही तरुण रेड समोर आली की हे करून बघा.

ग्लासात दोन बोटं वाईन घ्या, जास्त नको. ग्लास पांढऱ्या कागदावर आडवा धरा आणि मधला रंग नाही, कड बघा. तरुण कॅबरनेचा रंग जांभळट, आणि तो अगदी कडेपर्यंत भरलेला असतो. वर्षं जातात तसतशी सालीतली रंगद्रव्यं टॅनिनला चिकटतात, मोठे रेणू होतात, त्यातले काही तळाशी बसतात, आणि कड आधी माणकासारखी, मग विटकरी, मग नारिंगीकडे झुकते. चार-पाच वर्षांच्याच बोर्दोची कड आत्ताच विटकरी दिसली तर ती ठेवायच्या भानगडीत पडू नका, पिऊन टाका. हां, हा नियम फ्रान्सच्याच बर्गंडी भागातल्या पिनो न्वार द्राक्षाच्या वाईनला लावू नका, तिचा रंग जन्मतःच फिका, आणि फिक्या रंगाच्या चांगल्या बर्गंड्या वीस-वीस वर्षं मजेत जगतात.

मग वास. इथे निराश व्हायची तयारी ठेवा, कारण लांब जाणारी वाईन तरुणपणी पुष्कळदा वासाला मुकी असते, आणि मधली काही वर्षं तर पारच मिटून घेते. तुमची २०१६ तशाच वयात असू शकेल. ग्लास फिरवा, पाच मिनिटं थांबा, परत हुंगा. काळ्या करवंदी फळाचा वास, देवदाराचं लाकूड, पेन्सिलला टोक केल्यावर येतो तो वास, हे सां-जुलियाँ आणि शेजारच्या पोइयाकचे ओळखीचे वास. पण नुसता व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाचाच वास पुढे येत असेल तर जरा संशय घ्या. तो वास २२५ लिटरच्या नव्या ओकच्या बॅरलचा. चांगल्या वाईनमध्ये तो वर्षांनी फळात मुरतो, फळच नसेल तर मुरायला जागा कुठे आहे.

आता तोंड. मोठा घोट घ्या, लगेच गिळू नका, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, आवाज होतो, होऊ दे, घरच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं. आणि आता एकेक गोष्ट वेगळी काढा. जिभेच्या कडेला पाणी सुटतंय ना, तो आंबटपणा. गालाच्या आतून आणि हिरड्यांवर कोरडं, खरखरीत लागतंय, ते टॅनिन, ते लाळेतल्या प्रथिनांना पकडतं म्हणून तोंड सुकतं. घशात ऊब लागते ते अल्कोहोल. मधे जिभेवर जे भरल्यासारखं वाटतं ते फळ. सुरुवातीला सगळं एकाच वेळी अंगावर येतं आणि काही कळत नाही, पण चार-सहा वेगवेगळ्या वाईन अशा चाखल्या की आपोआप सुटं व्हायला लागतं, यात काही दैवी देणगी वगैरे लागत नाही.

टॅनिनमध्येही दोन जाती. पिकलेल्या द्राक्षाचं टॅनिन पुष्कळ असलं तरी बारीक दळलेलं लागतं, सगळ्या तोंडभर सारखं पसरतं. कच्च्या बियांचं आणि देठांचं टॅनिन जाडंभरडं, हिरवट, कडवट, आणि ते एकाच जागी रुतून बसतं. पहिलं वर्षांनी मऊ होतं. दुसरं म्हातारं होतं, पण शहाणं होत नाही.

आणि आता खरी परीक्षा. घोट गिळा (किंवा थुंका, थुंकण्यात कमीपणा नाही) आणि गप्प बसा. मनात सेकंद मोजा. फ्रान्समध्ये या सेकंदाला कॉडली म्हणतात, घोट गेल्यावर जितके सेकंद चव मागे रेंगाळते तितक्या कॉडली. पण आकड्यापेक्षा मी बघते ते हे, की तोंड कोरडं पडल्यानंतर फळ परत वर येतं का? आधी तुरटपणा आला, तोंड सुकलं, आणि मग सात-आठ सेकंदांनी त्यातूनच ते काळं फळ पुन्हा जाणवलं आणि पाणी सुटलं, तर ठेवा, बिनधास्त ठेवा. शेवटी नुसताच कोरडेपणा उरला तर कितीही मोठं नाव असो, ठेवण्यात अर्थ नाही, कारण फळ काही बाटलीत नव्याने पिकत नाही, आहे तेच कमी होत जातं.

हे हवेतलं बोलणं नाही, बोर्दोवाल्यांनी याची किंमत मोजलीय. १९७२, ७३, ७४ ही तीन सालं पडेल गेली आणि मग १९७५ आलं, भयंकर तुरट, सगळे म्हणाले हे खरं जुन्या वळणाचं, पन्नास वर्षं जाईल. लोकांनी तळघरं भरली, वाट बघत बसले. वीसेक वर्षांनी उघडून बघतात तर पुष्कळ बाटल्यांत टॅनिन तस्संच आणि फळ केव्हाच गेलेलं. अपवाद होते, बोर्दोतल्याच पोमेरोलला आणि पेसाककडे काही फार सुंदर उतरल्या, पण एकंदरीत त्या सालाने निराशाच केली. याउलट १९८२. उन्हाने पिकलेली द्राक्षं, मऊ, भरलेली, लहानपणीच चविष्ट, तर अमेरिकेतल्या काही नावाजलेल्या समीक्षकांनी नाक मुरडलं की ही फार काळ टिकायची नाही. रॉबर्ट पार्कर तेव्हा मेरीलँडमधून वाईनवर पत्रिका काढणारा वकील, त्याने उलटं लिहिलं, आणि त्यावर त्याचं नाव झालं. मोठ्या घरांच्या १९८२ चाळीस वर्षांनंतरही लोक आनंदाने पितायत. त्यात टॅनिन कमी नव्हतं हो, फळाखाली झाकलेलं होतं.

घरच्या घरी अजून एक गोष्ट करता येते. बाटली उघडली की लगेच निम्मी वाईन एखाद्या स्वच्छ छोट्या बाटलीत अगदी काठोकाठ भरून बूच लावा, ती बाजूला. उरलेली निम्मी मोठ्याच बाटलीत, हवेसकट, बूच लावून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी अर्धा तास बाहेर काढून चाखा, तिसऱ्या दिवशी परत, आणि शेवटी ती छोटी बाटली उघडून शेजारी ठेवून बघा. हवेतली दुसऱ्या दिवशी जास्त छान लागली तर तिच्यात दम आहे. दुसऱ्याच दिवशी व्हिनेगरकडे किंवा सपाट पाण्याकडे गेली तर काय ते समजा. बाटलीत बुचातून वर्षानुवर्षं झिरपणारा प्राणवायू आणि फ्रिजमधला एकदम मिळालेला, यात फरक आहेच, तेव्हा हे पंचांग समजू नका, अंदाज म्हणून ठीक.

तुमची दुसरी बाटली नीट गारव्याला ठेवता येत असेल तर २०३५ च्या आसपास उघडा. नाहीच धीर धरवला तर तीन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या पसरट काचेच्या भांड्यात, ओता आणि मसाला कमी असलेलं मटण करा.

प्रश्न : बाटलीबरोबर तज्ज्ञांचे शंभरपैकी पॉइंट्स येतात, ९५, ९७, आणि खाली कधी प्यायची ते, ‘२०२८ ते २०५०’ असं लिहिलेलं. २०५० हे कुठून काढतात? पत्रिका बघून? – दुबईहून एक वाचक

उत्तर : हसले मी, पण प्रश्न रास्त आहे. पद्धत अशी की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षं उतरतात आणि पुढच्या वसंतात, मार्चअखेर ते एप्रिल, जगभरचे व्यापारी आणि समीक्षक बोर्दोला जमतात, तिथे त्यांना बॅरलमधून काढलेला नमुना देतात. वाईन तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची, अजून वर्षभर तरी बॅरलमध्ये राहायची असते, कधी कधी शेवटचं मिश्रणही ठरलेलं नसतं. त्यावर पॉइंट्स पडतात, त्यावर भाव फुटतो, आणि बाटली हातात येते आणखी दीडेक वर्षाने. माल न बघता पैसे, असाच हा व्यवहार.

२०५० येतं ते पूर्वानुभवावरून. त्या मळ्याच्या जुन्या बाटल्या कशा चालल्या, हे साल कुठल्या जुन्या सालासारखं आहे, आणि वर सांगितलं ते फळ-आंबट-टॅनिन यांचं गणित. पोइयाकच्या शातो लातूर या मळ्याबद्दल पन्नास वर्षं लिहिलं तर मी मान डोलावते कारण पन्नास वर्षांच्या लातूर लोकांनी प्यायल्यात. काल निघालेल्या मळ्याबद्दल कोणी तेच लिहिलं तर तो शुद्ध आशावाद.

पॉइंट्सबद्दल म्हणाल तर सालाचा आणि मळ्याचा अंदाज यायला ठीक, ९४ आणि ९६ मधल्या फरकासाठी जास्तीचे पैसे मी तरी देत नाही. तज्ज्ञांचं नाकसुद्धा डोळ्यांचं ऐकतं. २००१ साली बोर्दोच्याच संशोधकांनी एक प्रयोग छापला, ५४ जणांना व्हाईट वाईन दिली, आणि तीच वाईन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली, तर वाईनचं शिक्षण घेणाऱ्या त्या मंडळींनी लाल केलेल्या ग्लासाचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. आणि टिकण्याबद्दलची भाकितं तर किती ठामपणे केली जातात! १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाईन-व्यापाऱ्याने लेबलं झाकून कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाईन शेजारी ठेवल्या, फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाला पहिलं काढलं, त्यावर तक्रार झाली की अमेरिकन वाईन तरुणपणी बऱ्या लागतात हो, पण म्हातारपणी आमच्याच टिकतील. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच रेड पुन्हा चाखल्या तर पहिली आली कॅलिफोर्नियाची रिज माँते बेल्लो १९७१. पुढे बोलायची सोय राहिली नाही.

१८५५ ची यादी तरी काय, नेपोलियन तिसऱ्याच्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव बघून बनवलेली. त्यानंतर वरच्या वर्गात एकच बढती झाली, १९७३ मध्ये मुतों रॉथशिल्डची. मळ्यांचे तुकडे पडले, मालक बदलले, यादी तीच. वाचायला मजा येते, खरेदी मात्र जिभेने करा.

प्रश्न : मी तुलूजला नोकरी करतो. दर सप्टेंबरला इथे सुपरमार्केटमध्ये वाईनची जत्रा लागते. ८ युरोची बोर्दो, लेबलवर ‘ग्रां व्हँ द बोर्दो’, सोनेरी मेडल, ‘शातोमध्येच बाटलीबंद’. दोन खोकी घेऊन दहा वर्षं ठेवू का? – तुलूजहून एक वाचक

उत्तर : नका ठेवू. ‘ग्रां व्हँ द बोर्दो’ लिहायला मोठी वाईन असावी लागत नाही, नुसती बोर्दोची असली की पुरते. शातोमध्ये, म्हणजे मळ्यावरच, बाटली भरली एवढ्याने काहीही सिद्ध होत नाही, हल्ली बहुतेक सगळेच भरतात. आणि मेडलं इतक्या स्पर्धांत इतकी वाटतात की न मिळालेली बाटली शोधावी लागेल. ८ युरोची बोर्दो साधारण मर्लो नावाच्या द्राक्षावर चालते, तीन-चार वर्षांत प्यायची, आणि त्यात वाईट काही नाही, सगळ्याच वाईन जुन्या व्हायला जन्माला येत नाहीत.

पण तुम्ही भाग्यवान आहात हो, तुलूजमध्ये बसलाय! थोडं पश्चिमेला मादिराँ आहे. तिथलं ताना नावाचं द्राक्ष म्हणजे टॅनिनचा कारखाना, इतका की नव्वदीच्या सुरुवातीला तिथल्याच पात्रिक द्यूकुर्नो नावाच्या वाईनकर्त्याने टाकीतल्या वाईनमध्ये प्राणवायूचे बारीक बारीक बुडबुडे सोडायची युक्ती काढली, फक्त ते टॅनिन जरा नरम पडावं म्हणून, आणि ती युक्ती मग बोर्दोसकट सगळ्यांनी उचलली. चांगली मादिराँ दहा-पंधरा वर्षं आरामात जाते आणि किमतीला पोइयाकच्या जवळपासही नसते. उत्तरेला काओर आहे, माल्बेक द्राक्षाची. आणि भूमध्य समुद्राकडे कधी गेलात तर बाँदोल, मूर्व्हेद्र द्राक्षाची, कायद्यानेच निदान १८ महिने लाकडात ठेवावी लागते. दहा वर्षं ठेवायची हौस आहे ना, मग या तिघींतली घ्या, एक खोकं घ्या, आणि दर वर्षी-दोन वर्षांनी एकेक उघडत चला. एकच वाईन बदलताना बघणं, यापेक्षा चांगलं शिक्षण दुसरं नाही.

प्रश्न : ताई, आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे, दोन एकर शिराझ वायनरीला देतो. फ्रान्सची एर्मिताज तीस वर्षं टिकते असं वाचलं. द्राक्ष तेच, मग आमची का नाही? – नाशिक जिल्ह्यातून एक शेतकरी

उत्तर : दादा, या महिन्यातला माझा आवडता प्रश्न. द्राक्ष तेच, पण पिकण्याची दिशा उलटी आहे. एर्मिताज म्हणजे ऱ्होन नदीकाठची, ताँ गावाच्या डोक्यावरची ग्रॅनाइटची एक टेकडी, सगळी मिळून १४० हेक्टरही नाही. तिथे द्राक्ष ऑगस्टच्या उन्हात रंग धरतं आणि सप्टेंबरमध्ये, हवा गार होत चालली असताना, सावकाश पिकतं. आंबटपणा जात नाही आणि साल, बी यांना पूर्ण पिकायला वेळ मिळतो. आपल्याकडे तुम्ही पावसानंतर छाटणी घेता, थंडीत दाणा भरतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा दिवसेंदिवस तापत असताना तोडणी. साखर भराभर चढते, आंबटपणा भराभर उतरतो, वायनरीवाला घाई करतो आणि बी अजून हिरवीच असते. म्हणजे वर पुण्याच्या वाचकाला सांगितलं ते दुसऱ्या जातीचं टॅनिन, आणि त्याला सांभाळायला आंबटपणाही नाही.

वायनरीचा माणूस ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजेल, तुम्ही दाणे चावून बघा. बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून, उन्हाकडचे आणि सावलीकडचे, मूठभर दाणे तोडा. आधी रस चोखून टाकून द्या. मग नुसती साल दाढेखाली दहा-बारा वेळा चावा आणि तळहातावर थुंका, रंग लगेच उतरला आणि चावताना गवताची चव आली नाही तर साल तयार. मग बी. हिरवी, चिकट आणि कडू असेल तर थांबा. तपकिरी झालेली, दाताखाली कुरकुरीत फुटणारी आणि किंचित सुकामेव्यासारखी लागली तर ठीक. बोर्दो आणि ऱ्होनमध्ये मोठमोठे वाईनकर्ते तोडणीआधी असेच ओळींतून दाणे चघळत फिरताना दिसतात, यंत्रं असूनही.

नाशिकच्या काही रिझर्व्ह शिराझ चार-पाच वर्षांनी छान लागतात, तिशीची अपेक्षा मात्र नको. आणि मनाला लावून घेऊ नका, एकोणिसाव्या शतकात बोर्दोवाले स्वतःच आपल्या किडकिडीत वाईनमध्ये एर्मिताज मिसळून तिला धष्टपुष्ट करायचे आणि ते लपवायचेही नाहीत, वर जास्त भाव घ्यायचे.

प्रश्न : नागपूरला राहतो, मे महिन्यात ४५ अंश. बाटल्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वरच्या कपाटात आहेत. चालेल ना? – नागपूरहून एक वाचक

उत्तर : नाही चालणार. घरातली त्याहून वाईट जागा मला सुचत नाही, फ्रिजची गरम हवा तिथेच जाते. वाईनला १२ ते १४ अंश लागतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते सारखे राहायला हवेत. गरम झाली की वाईन फुगते, बुचाला ढकलते, गार झाली की हवा आत ओढते, दोन उन्हाळ्यांत खेळ खलास. बुचाभोवती चिकट ओघळ दिसला तर तो झालाय असं समजा. खास वाईनचा फ्रिज घ्या आणि इन्व्हर्टरवर जोडा. तेवढा खर्च करायचा नसेल तर वर्षभरात संपतील एवढ्याच बाटल्या आणा, साध्या फ्रिजमध्ये आडव्या ठेवा, तेवढ्या काळाला काही होत नाही.

प्रश्न : तांबड्या रश्श्याबरोबर जुनी बोर्दो कशी लागेल? – कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर : रस्सा जिंकेल. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही दुप्पट झोंबतात आणि जुन्या वाईनची नाजूक चव तर कुठे गेली ते कळतही नाही. रश्श्याबरोबर गार बिअर घ्या आणि बोर्दो दुसऱ्या दिवशी, मीठ-मिरपुडीवर भाजलेल्या मटणाबरोबर.

प्रश्न : सासऱ्यांनी १९८९ ची बोर्दो दिलीय. वाईन बाटलीच्या खांद्यापर्यंत उतरलीय, तळाशी काळा गाळ. विषारी तर नसेल? – ठाण्याहून एक वाचक

उत्तर : गाळ म्हणजे तेच ते, एकमेकांना चिकटून खाली बसलेलं टॅनिन आणि रंग. पोटात गेला तरी काही होत नाही, दाताला कचकचतो इतकंच. पातळीचं म्हणाल तर पस्तिशीच्या बाटलीत खांद्याच्या वरच्या भागापर्यंत उतरणं साहजिक आहे, खांद्याच्या मध्यापर्यंत असेल तर धाकधूक, त्याखाली असेल तर बहुधा आत फार हवा गेलीय. १९८९ हे उन्हाचं, चांगलं साल होतं, तेव्हा आशा ठेवायला हरकत नाही.

दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. बूच भुसभुशीत झालं असणार, स्क्रू घुसवलात तर चुरा होईल, दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर तो बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून फिरवत फिरवत वर काढा. मग बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरून एका दमात, न थांबता डिकँटरमध्ये ओता, मानेत काळा धागा दिसला की थांबा. आणि तरुण वाईनसारखी तासन् तास उघडी ठेवू नका, एवढ्या जुन्या बाटलीतलं जे काही शिल्लक असतं ते कधी कधी अर्ध्या तासात उडून जातं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बुचाचा दोष, ट्रायक्लोरोॲनिसोल म्हणतात त्याला, अपाय नाही पण उपायही नाही. सासऱ्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न : लेक २०२१ ची. तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला तिच्याच जन्मसालाची बोर्दो उघडायचीय. कुठली घेऊ? – न्यू जर्सीहून एक आई

उत्तर : साल जरा अवघड निवडलंत! एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर गोठवणारी थंडी पडली, कोवळे कोंब जळाले, मग उन्हाळा गार आणि ओलसर, वेलींवर बुरशी. बोर्दोच्या २०२१ हलक्या, कमी अल्कोहोलच्या, आत्ता प्यायला काही काही फार गोड स्वभावाच्या आहेत, पण एकवीस वर्षं खेचणाऱ्या थोड्या. हट्टच असेल तर पोइयाक किंवा सां-जुलियाँच्या मोठ्या, ज्यांना खराब द्राक्षं निवडून फेकून देणं परवडतं अशा घराची घ्या, आणि साधी बाटली नको, दीड लिटरची मॅग्नम. तिच्यात वाईनच्या मानाने हवा कमी, म्हणून ती सावकाश म्हातारी होते. शक्य असेल तर एक साधी बाटलीही घ्या आणि ती २०३३ च्या सुमारास उघडून बघा, फळ विझत चाललेलं दिसलं तर मॅग्नम वाढदिवसाची वाट न बघता काढा.

आणि एक पळवाट सांगते. २०२२ हे बोर्दोचं उन्हाचं, कोरडं, भरगच्च साल, ते एकवीस काय तीस वर्षं सहज काढेल. तिच्या पहिल्या वाढदिवसाचं साल म्हणून घ्या की!